लसीच्या सुईने खांदा जायबंदी झाला तर भरपाई कशी मागावी: नाशिककरांसाठी टप्प्याटप्प्याने

लस घेतल्यावर दंड दोन-तीन दिवस ठणकतो, यात काही नवल नाही. पण तीन आठवडे उलटले तरी वेणी घालता येत नाही, शर्टाच्या बाहीत हात जात नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही, असे असेल तर सुई चुकीच्या जागी गेली असण्याची शक्यता धरावी लागते. अशा वेळी भरपाई मागता येते. बहुतेकांचा दावा पडतो तो इजा खोटी असते म्हणून नव्हे. पहिल्या महिन्यातले कागद कच्चे राहतात आणि तक्रार चुकीच्या दारात जाते, म्हणून पडतो. त्यामुळे या लेखात कायद्यापेक्षा तयारीवर आणि क्रमावर जास्त भर दिला आहे.

आधी खात्री करा: ही तीच इजा आहे का?

दंडातली लस डेल्टॉइड या जाड स्नायूत द्यायची असते. खांद्याच्या टोकाला बोटाला लागणारे जे हाड आहे, त्याच्या खाली दोन ते तीन बोटे जागा सोडून, त्वचेशी काटकोनात. सुई याच्या वर गेली तर ती स्नायूखालच्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीत किंवा सांध्याजवळच्या स्नायुबंधात शिरते आणि औषध तिथेच पडते. मग सूज येते आणि हळूहळू खांदा आखडतो.

हे घडते कसे, तेही समजून घ्या, कारण तक्रारीत हेच लिहायचे आहे. बाही घट्ट असते, वर सरकत नाही. मग बाही काढायला सांगण्याऐवजी शर्टाची किंवा कुर्त्याची कॉलर खांद्यावरून खाली ओढली जाते. तेवढ्या फटीत खांद्याचा वरचाच भाग उघडा होतो आणि सुई तिथेच टोचली जाते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे लस घेणारा बसलेला आणि देणारा उभा. वरून हात आला की सुईही वरच लागते.

दावा उभा राहण्यासाठी चार गोष्टी जुळायला हव्यात:

1. दुखणे लस घेतल्यापासून लगेच, साधारण ४८ तासांच्या आत सुरू झाले.
2. ज्या दंडात सुई दिली तोच खांदा दुखतो.
3. खांद्याची हालचाल कमी झाली आहे. नुसते दुखणे पुरत नाही.
4. त्या खांद्याला आधी दुखणे, मार किंवा उपचार नव्हते, किंवा होते ते पूर्ण बरे झाले होते आणि तसे दाखवता येते.

सावधान: कुत्रा चावल्यावर अनेक सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस स्नायूत न देता कातडीत, ०.१ मिली इतकी, देतात. ती सांध्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तिच्यावर असा दावा बसत नाही. हाताला मुंग्या येणे, मनगट लुळे पडणे ही नसेची इजा असू शकते. तिची तपासणी वेगळी असते, दोन्ही एकाच तक्रारीत कालवू नका.

आणखी एक गोष्ट, भरपाईपेक्षा मोठी: रेबीज किंवा हिपॅटायटिस बीचे पुढचे डोस राहिले असतील तर ते चुकवू नका. दुसऱ्या दंडात घ्या. खांदा दुखला म्हणून रेबीजचा कोर्स सोडणे जिवावर बेतू शकते.

टप्पा १: पहिल्याच दिवसात फोटो आणि नोंद

सुईची खूण एक-दोन दिवसांत पुसली जाते. ती दिसते आहे तोवर तीन फोटो काढा: एक लांबून, चेहरा आणि खांदा दोन्ही दिसतील असा, एक जवळून, आणि एक मोजपट्टी लावून. मोजपट्टीचे शून्य खांद्याच्या टोकाच्या हाडावर ठेवा आणि खूण किती सेंटिमीटरवर आहे ते दिसू द्या. खूण एक-दीड सेंटिमीटरवरच असेल, तर तो एक फोटो दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलतो. फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीतून वेळ आणि तारखेची मूळ माहिती निघून जाते.

त्याच दिवशी वहीत लिहा: किती वाजता लस घेतली, तुम्ही बसला होता की उभे, देणारी व्यक्ती बसली होती की उभी, बाही कशी सरकवली, दुखणे किती वाजता सुरू झाले. सोबत कोण होते त्यांचे नाव लिहा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या मजकुरात उलटतपासणीला पहिले भोक तिथेच पडते.

टप्पा २: डॉक्टरांच्या कागदावर योग्य शब्द येऊ द्या

सगळ्यात जास्त दावे इथे बुडतात. माणूस डॉक्टरांकडे जातो, "खांदा दुखतोय" म्हणतो, कागदावर फक्त "खांदेदुखी" असे लिहिले जाते आणि गोळ्या मिळतात. दीड वर्षाने हाच कागद समोर ठेवून सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, विचारतो, "यात लसीचा उल्लेख कुठे आहे?"

अस्थिरोगतज्ज्ञांकडे शक्यतो दोन आठवड्यांच्या आत जा. केसपेपरवर पुढील गोष्टी आल्या आहेत का, ते खोलीबाहेर पडण्याआधी वाचून घ्या:

- लसीचे नाव, तारीख, कोणत्या दंडात
- दुखणे नेमके कधी सुरू झाले, शक्यतो तासांत
- तुम्ही उजवे आहात की डावखुरे
- हालचाल अंशांत. निरोगी खांदा बाजूने वर उचलला की सुमारे १८० अंश जातो. "हालचाल कमी" यापेक्षा "७० अंशांपर्यंतच" हे शब्द कितीतरी भक्कम असतात.
- या खांद्याला पूर्वी त्रास नव्हता, ही नोंद
- मधुमेह आहे की नाही

मधुमेहाचा मुद्दा लपवू नका. मधुमेहात खांदा लसीशिवायही आखडतो आणि समोरचा पक्ष हे पहिल्या उत्तरातच मांडतो. तुमच्याच कागदावर "मधुमेह आहे, पण लसीआधी खांद्याची हालचाल पूर्ण होती" असे असेल, तर त्या आक्षेपातली हवा बरीच निघून जाते. लपवले आणि जुन्या रिपोर्टमध्ये सापडले, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

एक्स-रेत हाडे दिसतात, बर्सा आणि स्नायुबंध नीट दिसत नाहीत. "एक्स-रे नॉर्मल" म्हणजे इजा नाही, असा अर्थ होत नाही. डॉक्टरांनी सांगितले तर एमआरआय लवकर करून घ्या, कारण सुरुवातीची सूज आणि बर्सातले पाणी पुढे कमी होते. पन्नाशीच्या पुढे एमआरआयमध्ये वयाने झालेली झीजही दिसते. "नवी सूज कोणती, जुनी झीज कोणती" हे डॉक्टरांनी त्यांच्या शब्दांत लिहिले तर फार उपयोग होतो.

सावधान: डॉक्टरांना "निष्काळजीपणा झाला असे लिहून द्या" असे कधीही म्हणू नका. बहुतेक डॉक्टर तिथेच हात आखडता घेतात, आणि ते साहजिकही आहे. काय दिसले आणि कधीपासून दिसले, एवढेच त्यांनी लिहावे. निष्कर्ष काढणे तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाचे काम.

उपचार मध्येच सोडू नका. फिजिओथेरपीच्या वीस बैठका सांगितल्या आणि तुम्ही तीनच केल्या, तर उरलेल्या त्रासाचे खापर तुमच्यावर फुटते. प्रत्येक बैठकीची पावती आणि हालचालीचे अंश लिहिलेले कार्ड जपून ठेवा.

टप्पा ३: लस दिल्याचा पुरावा गोळा करा

लसीकरणाचे कार्ड किंवा प्रमाणपत्र, बिल, पैसे दिल्याची यूपीआय नोंद आणि केसपेपर, एवढे हातात हवे. कार्डावर बॅच क्रमांक आणि सही आहे का पाहा. लस देणाऱ्या व्यक्तीचे नाव बहुधा नसते. ते रुग्णालयाकडे लेखी मागा.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. पण तीन वर्षे नोंदी जपण्याची सक्ती दाखल झालेल्या रुग्णांच्या कागदांबाबत आहे. लसीचा कागद बाह्यरुग्ण विभागातला. म्हणून पहिल्याच महिन्यात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात लस घेतली असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नुसते "सर्व माहिती द्यावी" असे लिहू नका. त्या दिवशीच्या लसीकरण नोंदवहीतील तुमच्या नोंदीची प्रत, बॅच क्रमांक, लस देणाऱ्याचे पद आणि पात्रता, असे एकेक मागा.

धनुर्वाताचे इंजेक्शन अनेकजण औषधाच्या दुकानातच घेतात आणि बिल घेत नाहीत. तिथे यूपीआयची नोंद आणि सोबतच्या माणसाचे शपथपत्र एवढाच आधार उरतो. तो आधार लंगडा आहे, हे आधीच समजून पुढे जा.

टप्पा ४: प्रतिकूल घटना म्हणून नोंद करा

लसीनंतरचा त्रास सरकारी यंत्रणेत "एईएफआय", म्हणजे लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना, म्हणून नोंदवता येतो. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेतील जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे, नाशिक शहरात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे लेखी कळवा. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही रुग्णाला स्वतः नोंद करता येते.

इथे पैसे मिळत नाहीत, तरीही हे करा. या तपासणीत घटनेचे कारण ठरवले जाते आणि त्यात "लस देण्यातील चूक" असा स्वतंत्र प्रकार आहे. तो शिक्का बसला तर पुढचे काम निम्मे होते. बसला नाही तरी तुम्ही वेळेत तक्रार केली होती, हे तारखेसह सिद्ध होते.

टप्पा ५: योग्य दार निवडा, आणि मुदत पाहा

इंटरनेटवर या इजेबद्दल जे वाचायला मिळते ते बहुतेक अमेरिकेचे असते. तिथे लसीच्या इजेसाठी स्वतंत्र सरकारी निधी आहे, २०१७ पासून खांद्याची ही इजा त्याच्या यादीत आहे, कोणाची चूक ते सिद्ध करावे लागत नाही आणि अर्जाला तीन वर्षे मिळतात. त्या मुदतीवर विसंबून नाशिकमध्ये कोणी थांबले, तर इथली मुदत निघून जाते. ग्राहक आयोगात आणि दिवाणी न्यायालयात चूक सिद्ध करावीच लागते.

पैसे देऊन लस घेतली असेल: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मुदत दोन वर्षे (ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९). ती लस घेतल्या दिवसापासून मोजा. "उपचार अजून चालू आहेत" म्हणून मुदत वाढते असे समजू नका. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य होईल या भरवशावर राहू नका.

सरकारी ठिकाणी मोफत घेतली असेल: जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत आहे, ती ग्राहक कायद्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात हे स्पष्ट केले आहे, आणि केसपेपरचे नाममात्र शुल्क भरल्याने चित्र बदलत नाही. मात्र जे रुग्णालय काहींकडून पैसे घेते आणि काहींना मोफत सेवा देते, तिथला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. पूर्ण मोफत सेवा असेल तर मार्ग दिवाणी दाव्याचा. राज्य सरकारविरुद्ध त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकारी डॉक्टरांच्या चुकीची जबाबदारी सरकारवर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली संत्रा प्रकरणात मान्य केले आहे.

महापालिकेच्या रुग्णालयात घेतली असेल: इथे घाई करा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा, अशी अट आहे. ती तुमच्या प्रकरणाला लागू नाही असा वाद पुढे घालता येईलही, पण सहा महिनेच हातात आहेत असे धरून चाला. नोटीस शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात, आयुक्तांच्या नावे द्या आणि पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या केंद्रात लस घेतली असेल तर नोटीस आणि मुदत पहिल्या महिन्यातच वकिलांकडून तपासून घ्या.

कामगार विमा योजनेत असाल तर: २००७ च्या किशोरी लाल निकालानुसार ईएसआय रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्यात येते, कारण पगारातून वर्गणी कापली जाते. सातपूर-अंबडच्या कामगारांना हे अनेकदा माहीतच नसते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

टप्पा ६: नुकसानीचा हिशोब मांडा

"मानसिक व शारीरिक त्रासापोटी दहा लाख" असा एकच आकडा लिहिलेली तक्रार कमजोर दिसते. तक्ता करा: झालेला खर्च बिलांसह, पुढे लागणारा खर्च डॉक्टरांच्या लेखी अंदाजासह, बुडालेली कमाई, आणि शेवटी त्रासाची रक्कम.

बुडालेल्या कमाईत खूप मागे पडतात ते रोजंदारीवरचे लोक. द्राक्षबागेतले काम पाहा. विरळणी असो की डिपिंग (घड औषधात बुडवणे), हात तासन्‌तास मांडवाकडे वर धरावे लागतात. ७० अंशांवर अडकणाऱ्या खांद्याने ते होतच नाही. पण टोळीचा हिशोब एकराच्या उक्त्यावर, मुकादमाच्या वहीत. पगारपत्रक कुठून आणणार? मग मागच्या हंगामातल्या वहीची पाने, मुकादमाचे आणि बागायतदाराचे शपथपत्र, बँकेत जमा झालेली मजुरी, हे जोडा. खांदा किती वर जातो आणि काम कोणत्या उंचीवर असते, ते तक्रारीत दोन ओळींत लिहा. शक्य असेल तर मांडवाखाली उभे राहून हात उचलल्याचा फोटो जोडा. येवल्यातल्या विणकराने मागावर बसून तेच करावे. नोकरदारांनी हजेरीपत्रक आणि बिनपगारी रजेचा दाखला घ्यावा.

टप्पा ७: नोटीस पाठवा

ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवा. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, १५ दिवसांची मुदत देऊन. काय झाले, कोणती चूक, किती रक्कम, एवढेच लिहा. धमकी किंवा "पेपरात छापून आणू" अशी भाषा टाळा. समाजमाध्यमांवर डॉक्टरांचे नाव घालून लिहिले तर बदनामीचा उलटा दावा अंगावर येतो.

सावधान: नोटीस गेल्यावर रुग्णालयाकडून मोफत फिजिओथेरपी देऊ केली जाऊ शकते. ती जरूर घ्या, पण सोबतच्या कागदावर "कोणतीही तक्रार नाही" असे असेल तर सही करू नका. तडजोड करायची असेल तर रक्कम, तारीख आणि पुढच्या उपचारांची जबाबदारी लेखी ठरल्यावरच.

टप्पा ८: तक्रार दाखल करा

तक्रार मराठीत चालते आणि स्वतः दाखल करता येते. ऑनलाइन दाखल करायची तर ई-जागृती पोर्टलवर. लागणारे कागद: तक्रार, शपथपत्र, कागदांची यादी आणि क्रमाने लावलेल्या प्रती.

दोन गैरसमज इथे नेहमी होतात. पहिला, दहा लाख मागितले तर फी मोठी बसेल. तसे नाही. २०१९ च्या कायद्यात आयोगाची पातळी आणि फी ठरते ती तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर. लसीचे पाचशे-हजारच दिले असतील तर तक्रार जिल्हा आयोगातच आणि फी शून्य, कारण पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. दुसरा, रुग्णालय पुण्या-मुंबईचे असेल तर तिकडे जावे लागेल. तेही नाही. तुम्ही नाशिकला राहता किंवा काम करता, तर तक्रार नाशिकलाच करता येते.

सामनेवाले कोण, हे विचारपूर्वक ठरवा. रुग्णालय किंवा दवाखाना आणि लस देणारी व्यक्ती. सोसायटीत किंवा कंपनीत शिबिर होते तर ज्यांचे पथक होते ते रुग्णालय, आणि भूमिका असेल तर आयोजक. लस बनवणाऱ्या कंपनीला ओढू नका. तुमचे म्हणणे औषध वाईट होते असे नसून सुई चुकीच्या जागी गेली असे आहे. कंपनीला जोडले की स्वतःचाच मुद्दा पातळ होतो आणि तारखा वाढतात.

काय चूक झाली ते सांगणारा परिच्छेद असा लिहावा: "दिनांक अमुक रोजी सामनेवाले क्र. २ यांनी तक्रारदाराची बाही न काढता कॉलर खाली ओढून, उभ्याने, खांद्याच्या टोकाच्या हाडापासून सुमारे दीड सेंटिमीटरवर सुई दिली (फोटो क्र. ३). त्याच रात्री दुखणे सुरू झाले (केसपेपर, पान ५). नवव्या दिवशी हालचाल ७० अंशांपर्यंत मर्यादित आढळली (पान ६)." प्रत्येक वाक्यामागे कागद. विशेषणे नकोत.

टप्पा ९: उत्तर आल्यावर

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही मर्यादा पक्की केली आहे. तारीख लिहून ठेवा आणि उशीर झाला तर लेखी हरकत घ्या.

उत्तरात बहुधा तीन मुद्दे येतात: आधीचाच आजार, मधुमेह किंवा वय, आणि तज्ज्ञाचे मत नाही. पहिल्या दोन्हींची उत्तरे टप्पा २ मध्ये तयार झालेली असतात. तिसऱ्यावर २०१० चा व्ही. किशन राव निकाल दाखवा. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, असे त्यात म्हटले आहे. तरीही इथे भीड बाळगू नका. उपचार करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचे शपथपत्र मिळवता आले तर मिळवाच. ते तयार नसतील तर आयोगाला अर्ज करून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय मंडळाच्या मताची मागणी करता येते. अर्जासोबत मंडळाला विचारायचे प्रश्न स्वतः लिहून द्या: सुईची जागा योग्य होती का, दिसणारी सूज लसीच्या वेळेशी जुळते का, कायम मर्यादा किती टक्के. प्रश्न दिले नाहीत तर "लसीनंतर दुखणे सामान्य आहे" असे दोन ओळींचे मत येते आणि तेच प्रकरणाला चिकटून राहते.

निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडे अपिलाची मुदत ४५ दिवस. निकालाच्या प्रतीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा.